नावं परत करणारी बाई

रोसाल्बाबाईंच्या दारात कुणालाही नाव विचारायची बंदी होती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पण कुणी नवा व्हॉलंटिअर "व्हॉट्स युवर नेम?" म्हणाला रे म्हणाला की आतून आवाज यायचा, "नाव कशाला? भूक तोंडावर दिसत नाही का तुला?" मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी हा आवाज माझ्यावर आला. मी मनात म्हटलं, काय अडाणी कारभार आहे! रजिस्टर नाही, फॉर्म नाही, आकडेवारी नाही. नागपूरच्या वस्तीत पत्रकं वाटत मी मोठी झाले. ज्याचा कागद नाही ते काम झालंच नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

पुढे एका कागदापायी त्यांचं पद गेलं आणि तो कागद मी केलेला होता. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर मला हात झटकायला जागा उरणार नाही.

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल आहे. तिथे आपली माणसं राहतात. मोठी घरं, दोन-दोन गाड्या, बेसमेंटमध्ये गणपतीचं मखर गुंडाळून ठेवलेलं. तिथून आणखी पुढे, रुळांच्या पलीकडे, नेपरव्हिलची लॉन्स कापणारी, छपरं बसवणारी आणि ऑफिसं पुसणारी माणसं राहतात. त्या गावात एक बंद पडलेलं गालिच्यांचं दुकान होतं. त्यात आमची फूड पँट्री. ज्यांना पगार महिनाभर पुरत नाही त्यांनी यावं आणि धान्य, भाजी, दूध फुकट न्यावं. सोशल वर्कची डिग्री घेतल्यावर मला मिळालेली ही पहिली नोकरी. माझा व्हिसा तिलाच बांधलेला.

बाई पाच फूटही नसतील. पाठीवर करडी वेणी, तिच्यात लाल फीत. साठीच्या अलीकडे होत्या, पण मालाच्या पेट्या उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी अशी चालवायच्या की ट्रकवाले बाजूला उभं राहून बघत. सगळे त्यांना 'दोन्या रोसाल्बा' म्हणत. दोन्या म्हणजे आपल्याकडच्या काकू आणि बाई यांच्या मधलं काहीतरी. मला त्या 'लिसेन्सियादा' म्हणायच्या. तिकडे पदवीधर बाईला मानाने असं म्हणतात. त्या म्हणायच्या तेव्हा त्यात मान कमी आणि चिमटा जास्त असे. "लिसेन्सियादा, तुमच्या युनिव्हर्सिटीत बटाटे निवडायला शिकवतात का? नाही? मग इकडे बसा."

नावाऐवजी त्यांची पद्धत निराळी होती. मेक्सिकोत लोतेरिया नावाचा खेळ घरोघर खेळतात. आपल्या हाउझीसारखाच, फक्त आकड्यांच्या जागी चित्रं. त्या खेळाचे पत्ते बाईंनी रांगेतल्या कुटुंबांना वाटून टाकले होते. कुणी कोंबडा, कुणी चंद्र, कुणी विंचू, कुणी कलिंगड. पाळी आली की त्या खेळातल्या पुकारणाऱ्यासारख्या ओरडायच्या, "कलिंगड! ए पिकलेलं कलिंगड, गाडीत झोपलंय की काय?" आणि थंडीत कुडकुडणारी रांग हसायची. विंचवाच्या घरात मधुमेह आहे, कोंबड्याकडे तान्हं बाळ आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर काही नाही.

बाई पँट्रीत पहिल्यांदा आल्या त्या धान्य घ्यायला. त्याआधी त्यांनी टोमॅटोच्या शेतात काम केलं, मग कोंबड्या कापायच्या कारखान्यात, मग हॉटेलातल्या खोल्या आवरल्या. कारखान्यात खांदा निकामी झाला तेव्हा त्या या रांगेत उभ्या राहिल्या. हातात डबाबंद गोड मका पडला. त्या भडकल्या. "हा मका आहे? हा तर मक्याचा अपमान आहे." वाटणारी गोरी आजी वैतागून म्हणाली, मग तूच ये आणि कर. दुसऱ्या दिवशी बाई स्वतःचा एप्रन घेऊन हजर. आधी झाडू, मग शेल्फं, मग ट्रक, मग शनिवारची शिफ्ट, मग सगळा रोजचा कारभार. मधल्या काळात नागरिकत्वाची शपथही घेऊन झाली. मी आले तोपर्यंत शेल्फवर काळे घेवडे होते, सुक्या मिरच्या होत्या, भाकऱ्यांसाठी चुन्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ होतं. संचालकबाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी दोन्या रोसाल्बा, असं बोर्डाने ठरवून टाकलं होतं. घोषणा तेवढी बाकी. रांगेतलं माणूस त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसणार होतं.

देणगीदारांच्या वार्षिक जेवणात बोर्डाने त्यांना बोलायला उभं केलं. सूत्रसंचालक म्हणाला, शून्यातून वर आलेल्या रोसाल्बा! टाळ्या. मला या जेवणांचा मनस्वी राग येतो. गरिबाने रडून दाखवायचं आणि पोटभर जेवलेल्यांनी डोळे पुसायचे. बाई माइकपाशी गेल्या. अंगात रंगीत फुलं भरलेला गावाकडचा ब्लाउज. म्हणाल्या, "दुरुस्ती करते. मी शून्यातून आले नाही, मेक्सिकोतल्या वाहाकातून आले. तिथे मला आई होती, दोन भाषा होत्या, सात रंगांचा मका होता. शून्य मला इथे येऊन भेटलं, कोंबड्यांच्या कारखान्यात." आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्या की नाही ते कुणाला कळेना. मी एकटीने वाजवल्या.

हा अभिमान काही सोयीचा नव्हता. ऑफिसातल्या पोरींनी 'लॅटिनएक्स हेरिटेज मंथ' असा, लॅटिनो-लॅटिना हा बाई-पुरुष भेद नको म्हणून काढलेल्या नव्या शब्दाचा बॅनर छापून आणला तर बाई फणकारल्या, "हा शब्द माझ्या आईला म्हणून दाखवा. तिच्या तोंडात बसला तर लावा भिंतीवर." बॅनर आठवडाभर कोपऱ्यात गुंडाळून पडला. मग रांगेतली एक आई हळूच त्यांना म्हणाली, माझं लेकरू मुलगाही नाही, मुलगीही नाही, आमच्या सगळ्या भाषेत त्याला बसायला हा एकच शब्द आहे. दुपारी बाई स्वतः स्टुलावर चढल्या आणि बॅनर ठोकला. वाकडा ठोकला. सरळ करू का म्हटलं तर म्हणाल्या, "राहू दे. नवीन आहे. सवय होईल."

आता माझ्या कर्तबगारीकडे येते.

त्या हिवाळ्यात बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि त्या दहा दिवस घरी होत्या. त्याच दहा दिवसांत बातमी आली की पँट्रीसमोर थांबणारी बस बंद होणार. माझ्या अंगात वारं शिरलं. सह्यांची मोहीम! मला हेच तर येतं. तक्ता आखला: पूर्ण नाव, पत्ता, फोन, सही. रांगेत एप्रन घालून फिरले. एकेचाळीस कुटुंबांनी सह्या केल्या. गठ्ठ्याचा बाजूने फोटो काढून बोर्डाला पाठवला, खाली लिहिलं, 'लोक बोलायला लागलेत!'

बाई परत आल्या त्या एका हाताने कूस दाबतच. मी फाइल पुढे केली. त्यांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग दार लावून घेतलं.

"हे कुणी पाहिलंय?"

"फक्त मी. बोर्डाला फोटो पाठवलाय, पण त्यात नावं दिसत नाहीत."

"प्रत?"

"नाही."

"सह्या करताना लोकांनी तुला काय विचारलं?"

"बसचंच आहे ना, एवढंच."

"त्यांनी तुला काहीच विचारलं नाही, लिसेन्सियादा. एप्रन बघितला आणि सही केली."

मला राग आला. त्या आठवड्यात गावात काय चाललं होतं ते मलाही माहीत होतं. हार्डवेअरच्या दुकानासमोर कामाची वाट बघणाऱ्या तिघांना, कागदपत्रं नाहीत म्हणून, इमिग्रेशनवाल्यांनी काळ्या काचांच्या गाडीत घालून नेलं होतं. पण म्हणून काय माणसांनी नाव लपवून जगायचं? मी भाषण ठोकलं. आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या नाव नव्हतं, हाका होत्या. आम्ही पूर्ण नाव लिहायला लागलो तीच आमची लढाई. नाव म्हणजे इज्जत.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्याकडे आडनाव कशासाठी विचारतात?"

"जात कळावी म्हणून."

"मग हे तुला माझ्याआधी कळायला हवं होतं."



त्याच आठवड्यात फॉर्म आला. दर मंगळवारी सरकारी गोदामातून धान्याचा मोठा ट्रक यायचा. आमची अर्धी शेल्फं त्यावर चालायची. त्यासाठी दरवर्षी फॉर्म भरावा लागे. या वर्षी त्यात नवा रकाना होता: घेणाऱ्यांची नावं-पत्ते संस्थेकडे असतील तर सोबत जोडा, नसतील तर तसं लिहून रोजचा कारभार बघणाऱ्याने सही करावी. मुदत दोन आठवडे. नावं पुढे कुणाकडे जाणार हे फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. सही करणार होत्या दोन्या रोसाल्बा. महिनाभरापूर्वी हाच फॉर्म आला असता तर त्यांनी हसत 'नाहीत' लिहिलं असतं. माझ्यामुळे ते खोटं झालं होतं आणि खोट्यावर ही बाई सही करत नसे.

"जाळून टाकूया," मी म्हटलं.

"जाळलं हे त्यांना कसं कळणार? त्यांना वाटत राहणार की आपलं नाव कुठेतरी पडून आहे. रोज सकाळी पडद्याआडून रस्ता बघणार." त्यांनी कोंबडी कापायची मोठी कात्री घेतली आणि तक्ते कापायला लागल्या. एका ओळीची एक पट्टी. "सही ज्याची त्याच्या हातात द्यायची. मग मी 'नाहीत' लिहीन आणि ते खरं असेल. बोलायचं तू."

एकेचाळीस दारं. मुदत दोन आठवडे.

त्या दिवसांत कुणी दार उघडत नसे. बाई बेल वाजवायच्याच नाहीत. पायऱ्यांच्या खाली, खिडकीतून दिसेल अशा जागी उभ्या राहायच्या आणि एवढ्या थंडीत टोपी काढायच्या, वेणी दिसावी म्हणून. पडदा हलायचा. दार बोटभर उघडायचं. मग मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगायची की चूक माझी, हे तुमचं नाव, याची दुसरी प्रत नाही. कुणी पट्टी हिसकावून घेतली. एकीने आत बोलावून गरम तामालेस, मक्याच्या पानात वाफवलेले पिठाचे उंडे, खायला घातले आणि माझ्यासमोर पट्टी गॅसवर धरली. छपरं बसवणारा एक माणूस माझ्याकडे बघतच नव्हता. तो बाईंवर ओरडला, "आम्ही तुझ्या भरवशावर आलो होतो! एवढी वर्षं नाव विचारलं नाहीस आणि आता?" त्यांनी सांगायला हवं होतं की मी ऑपरेशनच्या टेबलावर होते. नाही सांगितलं. टोपी हातात धरून ऐकत उभ्या राहिल्या.

एउसेबियो नावाचे एक म्हातारे होते, आयुष्यभर नेपरव्हिलची लॉन्स कापलेले. त्यांनी पट्टी उलटसुलट करून बघितली. "माझं नाव मला परत? मला पाठ आहे ते."

"ठेवा तुमच्याजवळ. नाहीतर फाडा."

"फाडून कुठे टाकू? कचरा पण बघतात म्हणे आता." त्यांनी विचार केला, पट्टीची घडी केली, तोंडात घातली आणि सावकाश चावून गिळली. वर माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ कमी आहे, मुली."

बाई त्या दोन आठवड्यांत तेवढ्या एकदाच हसल्या.

एका दुपारी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये करडी व्हॅन उभी होती. इंजिन चालू, आत दोन पुरुष. मी दार उघडायला गेले तर बाईंनी माझं मनगट धरलं. आम्ही बसून राहिलो. गाडी बंद, म्हणून हीटर बंद. काचा आतून धुरकट झाल्या. उरलेल्या पट्ट्या बाईंनी ब्लाउजात सरकवल्या. वर तिसऱ्या मजल्यावर एक पडदा हलला आणि स्थिर झाला. माझे पाय बधिर झाले तेव्हा कुठे व्हॅनचं मागचं दार उघडलं. दोघांनी शिडी काढली, केबलचं भेंडोळं काढलं. इंटरनेट दुरुस्त करणारे होते. मला हसू फुटलं.

"हसू नकोस," त्या म्हणाल्या. "आज शिडी निघाली."

बोर्डाचे अध्यक्ष आपले मराठी. नेपरव्हिलचे डॉक्टरकाका, फार वर्षांपूर्वी आलेले, आता निवृत्त. माणूस वाईट नाही, हे लिहिलंच पाहिजे. पँट्रीत दर गुरुवारी फुकट तपासायचे. मुदतीला चार दिवस उरले असताना त्यांनी मला घरी चहाला बोलावलं.

"अगं, ती सह्यांची यादी आहे ना? फोटो बघितला मी. छान काम केलंस. स्कॅन करून मला पाठव फक्त."

"काका, ती परत करतोय आम्ही. ज्याची त्याला."

"परत?" त्यांनी कप खाली ठेवला. "रोसाल्बाला वेड लागलंय का? फॉर्ममध्ये स्वच्छ विचारलंय. आणि जे लीगल आहेत त्यांना कसली भीती? आम्ही नाही का आलो रांगेत उभं राहून?"

"तुमच्या रांगेला दार होतं, काका. यांच्या रांगेला नाही."

"पत्रकातलं बोलू नकोस."

"बरं. मग सांगा, पहिल्या भेटीत मी नाव सांगितलं तर तुम्ही 'आणि आडनाव?' का विचारलंत?"

त्यांनी कप उचलला, पुन्हा ठेवला. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अहो, चहा गार होतोय दोघांचा."

काका उठून खिडकीपाशी गेले. बाहेर त्यांचं लॉन बर्फाखाली होतं. "ते सोड," ते म्हणाले, या वेळी हळू. "ट्रक बंद झाला तर ती माणसं खाणार काय? पत्रक नको, उत्तर दे."

मी चहा तसाच ठेवून उठले. तेही लिहून ठेवते.

मुदतीच्या दिवशी बोर्डाची मीटिंग होती. मी मिनिट्स लिहायला बसले होते. तोवर चाळीस पट्ट्या परत गेल्या होत्या. एक राहिली, मारिसेलाची. तिच्या भावाला कामावरून उचललं आणि तिने त्याच दिवशी दोन मुलांना गाडीत घालून घर सोडलं. शेजारणीला एवढंच ठाऊक होतं की ती मिनेसोटात, ईडन प्रेरीजवळ मावसबहिणीकडे गेलीय. ऑफिसं साफ करते. फोन बंद.

बाईंनी सगळं सरळ सांगून टाकलं. यादी होती. पँट्रीच्या एप्रनच्या जोरावर झाली. चाळीस नावं परत दिली. एक आहे.

"कुठे आहे?" काकांनी इंग्रजीत विचारलं.

"माझ्याजवळ."

टेबलाभोवती हालचाल झाली. कुणीतरी म्हणालं, मग प्रश्नच मिटला, तेवढं जोडा, सहकार्य केलं असं दिसेल, ट्रक येत राहील. काका पुढे झुकले. "रोसाल्बा, एक नाव. ती तर आता इथे राहतही नाही. हा पत्ता जुना आहे. त्याने कुणाचं काय बिघडणार? पलीकडे एवढी कुटुंबं आहेत. आणि तुमची नेमणूक आजच करायची आहे."

बाईंनी माझ्यासमोरचा कोरा कागद ओढला, पेन घेतलं आणि लिहिलं. रोसाल्बा, मग वडिलांचं आडनाव, मग आईचं आडनाव, मग गाव, मग इथला पत्ता. सावकाश, शाळेतल्या अक्षरात. कागद काकांकडे सरकवला. "मीही याच रांगेतून नेलंय. एक नाव हवं ना? हे जोडा."

"तुम्ही सिटिझन आहात. तुमचं नाव नकोय."

"मग तुम्हाला जेवणाऱ्याचं नाव नकोच आहे," त्या म्हणाल्या. "घाबरलेल्याचं हवंय."

काकांनी तो कागद बराच वेळ हातात धरला होता. मग मत घेतलं. नेमणूक पुढे ढकलली, म्हणजे रद्द केली. अशा जागी 'रद्द' हा शब्द कुणी वापरत नाही. महिनाअखेरीस 'पुनर्रचना' झाली आणि बाईंची होती ती जागाही त्यात गेली. मी मिनिट्समध्ये सगळं लिहिलं, एक नाव सोडून. ते आजही कुठे लिहिलेलं नाही. मारिसेला हे मी इथे ठेवलेलं नाव आहे.

इथे थांबले असते तर पत्रक छान झालं असतं. पण पुढचंही सांगायला हवं. ट्रक खरंच बंद झाला. चर्चवाल्यांनी थोडं भरलं, सगळं नाही. बाईंच्या शेवटच्या आठवड्यात तांदूळ संपला. तान्ह्या बाळाची आई रिकाम्या शेल्फसमोर उभी राहून म्हणाली, "दोन्या, दिलं असतंत ते एक नाव. माझं दिलं असतं तरी चाललं असतं मला. पोराला काय घालू?"

मी बाईंची बाजू घ्यायला पुढे झाले. त्यांनी मला कोपराने मागे सारलं.

"तिचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आणि घरून स्वतःसाठी आणलेला डबा तिच्या पिशवीत ठेवला. त्यावर ती बाई आणखी चिडली. डबा घेऊन गेली, पण चिडून गेली.

मी त्यांना एकदाच विचारलं, तुम्ही मला माफ केलंत का. त्या मिरच्या निवडत होत्या. "हे विचारून तुला बरं वाटेल, मला काय मिळेल?" एवढंच. पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग एका शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले तर त्या गाडीवरचा बर्फ झाडत होत्या. मारिसेलाचा पत्ता लागला होता. तिच्या मावसबहिणीच्या चर्चमधल्या कुणीतरी कुणाला तरी सांगितलं होतं. उत्तरेला दिवसभराचा रस्ता, वर वादळाचा इशारा. पट्टी ब्लाउजात, फुलांच्या ब्लाउजात, त्यावर जाड कोट.

"मी येते," मी म्हटलं.

"तुझ्या व्हिसाचं काय होईल वाटेत कुणी अडवलं तर? आणि इथे चार वाजता वाटप आहे. कांदे आलेत. सडकेही आहेत, निवडून ठेव."

"आता ते आपलं काम आहे का? तुम्हाला काढलंय त्यांनी."

"मला काढलंय. कांद्यांना नाही."

"फोन लागतोय ना तिच्या बहिणीचा? फोनवर सांगा, फाडून टाकली म्हणून. सोपं आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उरलेला बर्फ झाडायला लागले.

गाडी गल्लीच्या तोंडाशी सिग्नलला थांबली. मी फूटपाथने तिकडेच चालले होते म्हणून शेजारी आले. काच बंद होती. त्यांचं लक्ष नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, आणि ओठ हलत होते. आधी वाटलं, देवाचं काही म्हणतायत. पण त्या मध्येच थांबल्या, मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दारात उभं राहून मारिसेलाला काय सांगायचं ते घोकत होत्या. चूक माझी होती. माफी त्या पाठ करत होत्या.

सिग्नल हिरवा झाला.